आमचे वजन आणि आपली पंगत

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणिसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. शिक्षणप्रसार, हुंड्याची चाल, व्यसनमुक्ती या विषयांवर या व्यासपीठावरून अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ मार्गदर्शन केले आहे. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले साधे प्राथमिक शिक्षक. वैद्यकशास्त्रात आमचा अधिकार शून्य. परंतु एका विषयाचा अभ्यास आम्ही गेली बारा वर्षे अखंड करीत आलो आहोत, आणि त्यात नापासही झालो आहोत, पासही झालो आहोत. तो विषय म्हणजे आमच्या देहाचे वजन. हसू आले तर मंडळींनी खुशाल हसावे. या भाषणानंतर पंगत बसावयाची आहे आणि मुदपाकखान्यातून जिलबीचा वास येथवर येत आहे, हे आम्हीही जाणतो. त्या पंगतीशीच आमच्या बोलण्याचा संबंध आहे.

आमचा जन्म 1958 सालचा, माणदेशातल्या एका खेड्यातला. माणदेश म्हणजे पाऊस ज्याला वळसा घालून जातो तो मुलूख. 1972 च्या दुष्काळात आम्ही चौदा वर्षांचे होतो. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, त्या वेळी विशीत होते. रस्त्याच्या कामावर अण्णा खडी फोडीत आणि आम्ही शाळा सुटल्यावर पाट्या उचलीत असू. रेशनावर परदेशातून आलेला लाल मिलो मिळे, त्याची भाकरी थापताच तुटे. कामावर सुकडी वाटली जाई. अण्णा आपल्या वाटणीची अर्धी सुकडी धोतराच्या सोग्यात बांधून आणीत आणि "मला नाही भूक" असे सांगून आमच्या हातावर ठेवीत. ते खोटे बोलत होते, हे कळावयास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली.

त्या वर्षाने आमच्या घराला दोन गोष्टी शिकविल्या. ताटात एक शीतही टाकावयाचे नाही, ही पहिली. दारी आलेल्याला पोटभर नव्हे तर पोटापेक्षा अधिक वाढावयाचे, ही दुसरी. पुढे अण्णांची विहीर लागली, डाळिंबाची बाग झाली, घरात सुबत्ता आली. अण्णांच्या घरी जेवावयास बसलेला माणूस "पुरे" म्हणाला की त्यांना तो खोटा वाटे, कारण "भूक नाही" हे शब्द त्यांनी स्वतः खोटेपणाने उच्चारले होते. दोन्ही हात ताटावर आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून तूप ओतणारे ते गृहस्थ होते. आपल्या समाजात असे अण्णा घरोघर आहेत, आणि त्यांच्या आग्रहामागे कोठे ना कोठे एखादे उपाशी वर्ष दडलेले आहे.

1977 साली आम्ही नोकरीस लागलो, तेव्हा वजन 51 किलो होते. शाळा सात किलोमीटरवर, जाणे-येणे सायकलीने. पुढे मोपेड आली, तालुक्याच्या गावी बदली झाली, घर आणि शाळा यांत हाकेचे अंतर राहिले. सायकल गेली, पण सायकलीच्या वेळचा आहार तसाच राहिला. ज्वारीच्या भाकरीची जागा पोळीने आणि भाताने घेतली. वाढदिवस, बदली, बढती, निरोप या प्रत्येक निमित्ताने शाळेत पेढे आणि चिवडा. एके दिवशी आम्ही आमच्या चहाचाच हिशोब मांडला. दिवसाचे सहा पेले, पेल्यास दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा. म्हणजे दिवसास 60 ग्रॅम आणि वर्षास जवळजवळ 22 किलो. चौथीच्या मुलाला सुटेल असे हे गणित, पण ज्या शिक्षकाने ते हजारदा दुसऱ्यांकडून सोडवून घेतले, त्याने स्वतःपुरते कधी मांडले नव्हते.

अण्णांना मधुमेह होता, हे आम्हां कोणासच ठाऊक नव्हते. मधुमेह कित्येक वर्षे दुखत नाही, खुपत नाही. पायाची संवेदना हळूहळू कमी होते, वहाण चावलेली कळत नाही. अण्णांच्या अंगठ्याला तशीच एक जखम झाली. ती महिनाभर झाकून राहिली. 2009 साली त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. 2011 साली ते गेले. ज्या पायांनी त्यांनी खडीवर उभे राहून आम्हांस जगविले, त्यांतला एक त्यांच्याआधी गेला होता.

तेराव्याच्या दिवशी पंगत बसली. वाढप्याने आमच्या पानात बुंदीचे दोन लाडू ठेवले आणि म्हणाला, "अण्णांना आवडायचे. त्यांच्या नावानं घ्या." आम्ही ते खाल्ले. त्याने आणखी दोन ठेवले, तेही खाल्ले. त्या रात्री झोप आली नाही. साखरेने भावाचा पाय नेला आणि त्याच भावाच्या नावाने आम्ही चार लाडू खाऊन आलो, हा विचार जाईना. पुढच्याच महिन्यात आम्ही तपासणी करून घेतली. वजन 97 किलो, उंची 166 सेंटिमीटर, कंबर 112 सेंटिमीटर, उपाशीपोटी साखर 168. आम्हांसही मधुमेह होता.

घाबरलेला मनुष्य घाई करतो. आम्हीही केली. एका परिचिताकडून पुष्कळ पैसे देऊन डब्यातील भुकटी आणली, दोन्ही वेळचे जेवण सोडले, भुकटी आणि फळे यांवर राहिलो. मधुमेहाची गोळी मात्र चालू होती आणि हा उपक्रम डॉक्टरांच्या कानी घातला नव्हता. एके दुपारी फळ्यावर बेरीज मांडीत असता हात थरथरू लागले, घामाने सदरा भिजला, अंक दिसेनासे झाले. एका शहाण्या मुलीने धावत जाऊन शेजारच्या घरातून गुळाचा खडा आणला, म्हणून निभावले. गोळी साखर उतरवीत होती आणि पोटात अन्न नव्हते. विद्यार्थिमित्रहो आणि वडीलधाऱ्यांनो, मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांस न विचारता उपास आरंभू नये. तीन महिन्यांत आमचे 9 किलो उतरले आणि पुढच्या वर्षभरात 11 किलो चढले. 2013 च्या दिवाळीत आम्ही 99 वर होतो.

असे का होते, हे आम्ही पुढे तालुक्याच्या डॉक्टरांकडून समजून घेतले. देहाला आपण बारीक होऊ इच्छितो हे ठाऊक नसते. त्याला वाटते, दुष्काळ पडला. तो खर्च आटोपता घेतो आणि भूक वाढवितो. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील वजन उतरविण्याच्या स्पर्धेतील 14 जणांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. स्पर्धेनंतर सहा वर्षांनी बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते, आणि तरीही त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसास सुमारे 500 कॅलरी कमीच खर्चीत होते. तेव्हा वजन परत येणाऱ्यास आळशी, खादाड म्हणून हिणविणे हे अज्ञान होय. त्याचा देह 1972 सालच्या माणसासारखा वागत असतो, इतकेच.

आपल्या लोकांची आणखी एक गोष्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के तर याज्ञिक यांची 21.2 टक्के भरली. अंगाने बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या पोटातही चरबी दडलेली असू शकते. म्हणून येथे बसलेल्या सडपातळ तरुणांनी आमच्याकडे पाहून निश्चिंत होऊ नये. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या आत असावी, असे आपल्या देशातील तज्ज्ञ सांगतात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे. या सभागृहातील रांगा मोजल्या तर प्रत्येक रांगेत एखाददुसरा निघावयाचाच.

असो. डॉक्टर आम्हांस म्हणाले, "गुरुजी, महिन्याचं बोलू नका. वर्षाला पाच-सहा किलो, इतकंच बोला. आणि जे मरेपर्यंत करता येणार नाही, ते आजही करू नका." हे वाक्य आम्ही घरी येऊन सांगितले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी दुसरे एक सांगितले. त्या म्हणाल्या, "तुमच्यापुरतं वेगळं शिजणार नाही. जे शिजेल ते सगळ्या घराला." प्रथम आम्हांस हा असहकार वाटला. आज वाटते की आमचे वजन उतरले ते याच वाक्यामुळे. एकाच्या पथ्याचे ताट वेगळे झाले की तो घरात रोगी ठरतो आणि पंधरा दिवसांत कंटाळतो. सगळ्या घराचे ताट बदलले की पथ्य उरत नाही, ते जेवण होते.

त्या ताटात नवे असे काही नव्हते. ज्वारीची भाकरी परत आली. मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, पालेभाजी, काकडी, ताक ही आमच्या आईच्या चुलीवरची मंडळी परत आली. आधी भाजी आणि उसळ, मग भाकरी, आणि भात मुठीएवढा. चार पोळ्यांच्या जागी दीड भाकरी. शेंगदाण्याची चटणी आमची आवडती, परंतु ती तेलाबियांची, म्हणून चमचाभरच. रात्रीचे जेवण साडेसातच्या आत. चहातील साखर आम्ही एकदम सोडली नाही. दर महिन्यास अर्धा चमचा कमी केला, चार महिन्यांत ती संपली. पेले सहाचे दोन झाले. पुरणपोळी सोडली नाही. होळीला एक खातो, आणि ती मांडी घालून, चवीने खातो.

सर्वांत अवघड गेले ते ताटातील उरलेले. नातवंडे अर्धे जेवून उठत आणि त्यांचे उरलेले संपविणे हे आम्ही आपले कर्तव्य समजत असू. सौभाग्यवती तर भांड्यांच्या तळाशी उरलेले सगळे रात्री आपल्या ताटात घेत. घरातील बायका शेवटी जेवतात आणि उरलेले संपवितात, त्यांच्या वजनाचा हिशोब कोणी मांडत नाही. अन्न टाकणे पाप, ही दुष्काळाची शिकवण आम्ही आजही मानतो. परंतु एके दिवशी त्याच म्हणाल्या, "नको असलेलं पोटात टाकलं, तर तेही टाकलंच की." त्या दिवसापासून घरात बेताने शिजू लागले, मुलांस आधी थोडे वाढू लागलो, आणि सौभाग्यवती आमच्याबरोबर पानावर बसू लागल्या. त्यांचेही 11 किलो उतरले.

चालण्याविषयी एक भ्रम दूर करावासा वाटतो. तासभर चालल्याने जे खर्च होते, ते दोन लाडवांत परत येते. वजन मुख्यतः ताटात उतरते. परंतु उतरलेले टिकते ते चालण्याने, आणि साखर, रक्तदाब, झोप, मन या सर्वांस चालणे उपकारक असते. आम्ही पहिल्या महिन्यात पंधरा मिनिटेच चाललो, कारण गुडघे त्याहून अधिक ऐकत नव्हते. आज पाऊण तास चालतो. वाढत्या वयात स्नायू झडू लागतात, आणि स्नायू हे साखर खर्च करणारे मोठे कोठार होय. म्हणून रोज खुर्चीवरून हात न टेकता वीस वेळा उठतो आणि पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या उचलतो. शेजारचे प्रथम हसले. आता त्यांतले तिघे आमच्याबरोबर असतात.

आणि हजेरीपट. आयुष्यभर मुलांची हजेरी घेतली, म्हणून स्वतःची सुरू केली. दर शनिवारी सकाळी, उपाशीपोटी, त्याच काट्यावर वजन आणि त्याची वहीत नोंद. 2014 अखेर 93, 2015 अखेर 87, 2016 मध्ये सेवानिवृत्तीच्या दिवशी 85, 2018 अखेर 77, 2019 अखेर 75. आलेख काढला तर तो उतरत्या जिन्यासारखा दिसतो, मधूनमधून चार-चार महिन्यांचे सपाट टप्पे. त्या टप्प्यांवर पुष्कळजण जिना सोडतात.

आम्हीही सोडला. 2020 साली टाळेबंदी आली. मुलगा, सूनबाई, नातवंडे पुण्याहून घरी आली. घर भरले, त्याचा आनंद झाला, आणि रोज काहीतरी तळले जाऊ लागले. फिरणे बंद, वही बंद. सात महिने आम्ही काट्याकडे पाहिलेसुद्धा नाही, कारण काय दिसेल ते ठाऊक होते. 2021 च्या आरंभी वही उघडली तेव्हा 83. डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसलो. ते म्हणाले, "गुरुजी, सात महिने गैरहजर राहिलेल्या मुलाचं नाव तुम्ही पटावरून काढून टाकायचात का?" आम्ही म्हणालो, नाही, घरी जाऊन त्याला परत आणीत होतो. "मग झालं," ते म्हणाले. ते आठ किलो उतरावयास दोन वर्षे लागली, तीही पुरती उतरली नाहीत. गेली दोन-तीन वर्षे आम्ही 76 ते 78 यांच्या दरम्यान आहोत.

आता निकालही प्रांजळपणे सांगावयास हवा. पुस्तकी मोजमापाने आम्ही आजही स्थूलच आहोत. मधुमेह गेला नाही. गोळ्या तीनांची एक झाली, तीन महिन्यांची साखर 8.4 वरून 6.4 वर आली. रक्तदाबाची गोळी चालू आहे. जे मिळाले ते असे की आज 67 व्या वर्षी नातीचे दप्तर घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढतो, आणि रोज रात्री स्वतः वाकून स्वतःचे तळवे आरशात तपासतो. पूर्वी पोट मध्ये येत असल्याने आम्हांस आपले पाऊल दिसत नसे. अण्णांनाही दिसत नसावे.

अलीकडे, 2025 साली, वजन उतरविण्यासाठी आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची नवी औषधे आपल्याकडेही मिळू लागली आहेत. त्यांची निंदा आम्ही करणार नाही, काहींस त्यांची खरोखर गरज आहे. परंतु ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. ती थांबविल्यावर उतरलेले वजन बरेचसे परत येते असेही आढळले आहे. म्हणजे ताटाचा प्रश्न तेथेही सुटत नाही.

बंधुभगिनींनो, हे सर्व घरात साधले, पण एका ठिकाणी आम्ही आजही हरतो. ते ठिकाण म्हणजे आपली पंगत. बारशापासून तेराव्यापर्यंत वर्षाकाठी आम्हांस किमान तीस ज्ञातिभोजने घडतात. तेथे "नको" म्हटले की यजमान दुखावतो. "गुरुजी, आता मोठे झालात, आमचं गोड चालत नाही" असे ऐकावे लागते. मधुमेही मनुष्य पंगतीत आपला रोग जाहीर करावयास लाजतो, आणि त्या लाजेपायी खातो. अण्णा असेच खात राहिले. आमच्या ज्ञातीने भुकेल्यांस वाढण्याची रीत पाडली, ती थोर होती. परंतु ज्या समाजात भूक होती तेथे आग्रह ही दया होती. ज्या समाजात साखर आहे तेथे तोच आग्रह घात करतो.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही नम्रपणे चार सूचना ठेवीत आहोत. पहिली, वार्षिक भोजनात एकच गोड पदार्थ असावा, त्याबरोबर ज्वारीची भाकरी, उसळ आणि कोशिंबीर असावी, आणि बिनसाखरेचा चहा न मागता मिळावा. दुसरी, तेराव्याच्या पंगतीत गोडाचा आग्रह पूर्णपणे बंद व्हावा. तिसरी, दरवर्षी संमेलनाच्या सकाळी नावनोंदणीच्या टेबलाशेजारी एक वजनकाटा, एक फीत आणि रक्तातील साखर तपासण्याची सोय असावी. ज्याला हवे त्याने आपला आकडा कागदावर लिहून न्यावा, आणि पुढील वर्षी तोच कागद घेऊन यावे. तिसाव्या वर्षापासूनच्या प्रत्येकाने हे करावे, कारण अण्णांसारखा आजार न दुखता वाढतो. चौथी, पंगतीत वाढप्याबरोबर बायकाही पहिल्या पाळीलाच बसाव्यात.

या सूचना मंजूर होण्यास सभा, ठराव, दुरुस्त्या लागतील. परंतु एक गोष्ट आज, अर्ध्या तासात, ठरावावाचून करता येईल. आज वाढावयास उभ्या राहणाऱ्या तरुण मित्रांस आमची विनंती आहे. जिलबीचे ताट घेऊन या, प्रेमाने विचारा, पण एकदाच विचारा. समोरचा "नको" म्हणाला तर तो शब्द खरा मानून पुढील पानाकडे जा. आमच्या अण्णांनी एकदा "भूक नाही" असे खोटे सांगून आम्हांस जगविले. आज कोणी तेच खरे सांगत असेल, तर त्यालाही जगू द्यावे.

जिलबी फार काळ निवू नये म्हणून आम्ही आपली रजा घेतो.